वनस्पतींचे अर्क आणि उन्हापासून संरक्षण : एका आकड्याची चिकित्सा

खोबरेल तेलाचा एसपीएफ सात असतो, हे वाक्य आता सौंदर्यविषयक सदरांत, तेलाच्या जाहिरातींत आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर सर्रास आढळते. त्याच्याखाली ऑलिव्ह तेल, तुळस, पुदिना, डाळिंबाची साल अशी यादी असते आणि प्रत्येकापुढे एक आकडा असतो. आकडा दशांश चिन्हानंतर दोन-तीन स्थळांपर्यंत दिलेला असल्यामुळे तो मोजूनच काढला असणार, अशी वाचणाऱ्याची खात्री पटते. तो मोजलेला असतो हे खरेच आहे. प्रश्न असा, की नेमके काय मोजलेले असते?

या लेखात त्या मोजमापाची चिकित्सा करायची आहे. असे प्रकल्प तपासण्याची वेळ शिक्षकांवर वारंवार येते. शिवाय त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणी उन्हात गेले तर त्याची किंमत त्वचेला मोजावी लागते.

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव उदाहरणासाठी घेऊ. केदारेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे ते इतिहासाच्या शिक्षकांना परिचित असते. आपल्याला मात्र त्याचा अक्षांश हवा आहे. तो सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर आहे. म्हणजे मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तिथे मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्यकिरण वातावरणातून जितके सरळ येतात तितका त्यांचा ओझोनमधून होणारा प्रवास कमी, आणि तितके अतिनील किरण जास्त. जुलैत ढग थोडीफार मदत करतात, मेमध्ये तीही नसते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल त्या वेळी अतिनील किरण तीव्र असतात, हा ठोकताळा विद्यार्थ्यांना लगेच समजतो. धर्मापुरीला वर्षातील बराच काळ दुपारी अशीच आखूड सावली असते. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागला की परततात. ही माणसे सर्व ऋतूंत उघड्यावरच काम करतात. उन्हापासून त्वचेचे रक्षण हा त्यांच्या दृष्टीने सौंदर्याचा विषय नव्हे.

जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन भाग मानतात. सुमारे २९० ते ३२० नॅनोमीटर तरंगलांबीचे ते अतिनील-ब, आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरचे ते अतिनील-अ. त्वचा लाल होऊन भाजते ती मुख्यतः ‘ब’मुळे. एकूण अतिनील किरणांत ‘ब’चा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. उरलेले ‘अ’ किरण त्वचेत अधिक खोल शिरतात, काळवंडणे आणि सुरकुत्या यांना हातभार लावतात. एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे विवेचन सोपे जाईल.

वनस्पतींकडे उन्हापासून बचावाचे रसायन असावे ही कल्पना मुळात चुकीची नाही. झाडाला सावलीत जाऊन बसता येत नाही. पानाच्या बाहेरच्या थरात फ्लेव्होनॉइड आणि दालचिनी आम्लाच्या कुळातील संयुगे साठलेली असतात आणि ती अतिनील-ब किरण अडवतात. प्रयोगशाळांतून वापरल्या जाणाऱ्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याच्या ज्या उत्परिवर्तित जातींना ही संयुगे बनवता येत नाहीत, त्या अतिनील-ब किरणांखाली खुरटतात किंवा मरतात, हे १९९३ मध्ये दाखवून दिले गेले. आपल्या दिवाळीच्या उटण्यात कपूरकाचरी असते. तिच्या कंदात एथिल पॅरामेथॉक्सीसिनॅमेट नावाचे संयुग आढळते. जगभरच्या सनस्क्रीनमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले ऑक्टिनॉक्सेट हे त्याचेच चुलत भावंड. अतिनील-ब शोषणारा भाग दोघांत एकच, फक्त शेपटी वेगळी. कारखान्यात ही शेपटी लांब करतात, त्यामुळे संयुग तेलात नीट विरघळते आणि त्वचेवर सलग थर धरून राहते. उटणे आपण लावतो आणि पाच मिनिटांत धुऊन टाकतो. रेणू असणे आणि संरक्षण मिळणे यांतले अंतर या एका उदाहरणावरूनही दिसते.

आता आकड्याकडे वळू. एसपीएफची मूळ व्याख्या माणसाच्या त्वचेवर आधारलेली आहे. त्वचेच्या एका भागावर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात मलम लावायचे, शेजारचा भाग उघडा ठेवायचा, आणि दोन्ही भागांवर किंचित लाली येण्यास किती अतिनील मात्रा लागते ते पाहायचे. या दोन मात्रांचे गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. काहीच लावले नाही तर गुणोत्तर १ येते. एसपीएफ १५ म्हणजे लाली आणणाऱ्या किरणांचा पंधरावा हिस्सा आत जातो, सुमारे ९३ टक्के अडतो. ३० असेल तर सुमारे ९७ टक्के अडतो.

ही चाचणी खर्चिक असते, तिला स्वयंसेवक लागतात. म्हणून ब्राझीलमधील मान्सूर आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली एक जवळचा रस्ता सुचवला. मलम अल्कोहोलमध्ये विरळ करायचे, स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ठेवायचे आणि २९० पासून ३२० नॅनोमीटरपर्यंत दर पाच नॅनोमीटरला शोषणांक घ्यायचा. प्रत्येक शोषणांकाला एका ठरावीक भाराने गुणायचे. हा भार ३०५ नॅनोमीटरला सर्वांत जास्त म्हणजे ०.३२७८ आहे, तर २९० ला केवळ ०.०१५०. सातही भारांची बेरीज जवळजवळ १ होते. शेवटी आलेल्या बेरजेला १० ने गुणायचे, की झाला एसपीएफ. वेगळ्या शब्दांत, अतिनील-ब पट्ट्यातील सरासरी शोषणांक गुणिले दहा, इतकेच हे सूत्र आहे.

हा दहाचा आकडा कोठून आला? ८ टक्के होमोसॅलेट असलेल्या एका प्रमाणित मलमाचा एसपीएफ ४ आहे हे आधी ठाऊक होते. ठरलेल्या विरळतेला सूत्रातून बरोबर ४ हे उत्तर यावे, म्हणून तो गुणक घेतला. ही विरळता मिलिलिटरमागे ०.२ मिलिग्रॅम इतकी आहे. कारखान्यात एकाच धर्तीची मलमे झटपट तपासायला ही युक्ती चांगली आहे, तिच्या जनकांवर माझा काही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो नंतरच्या वापरावर. गुणक त्या विरळतेशी बांधलेला आहे. द्रावण पाचपट दाट घेतले तर शोषणांक पाचपट होतो आणि ‘एसपीएफ’ही पाचपट होतो. वनस्पतींच्या अर्कांवरील कितीतरी निबंधांत विरळता लेखकाच्या सोयीची असते आणि गुणक मात्र निमूटपणे १० च राहतो. असा आकडा दुसऱ्या निबंधातील आकड्याशी ताडून पाहण्यात काहीच अर्थ नसतो.

दुसरा मुद्दा शुद्ध अर्काचा. समजा एखाद्या पाल्याच्या कोरड्या अर्काचा त्या ठरलेल्या विरळतेला सरासरी शोषणांक १.५ आला. सूत्राने एसपीएफ १५. पण चेहऱ्याला कोणी निव्वळ कोरडा अर्क थापत नाही. मलमात तो ५ टक्के घातला तर शोषणांक ०.०७५ आणि एसपीएफ ०.७५! व्याख्येनुसार एकपेक्षा कमी एसपीएफ म्हणजे मलम लावल्याने त्वचा उघडी असतानापेक्षाही लवकर भाजते. सूत्राचा हा दोष विद्यार्थ्यांना पटवायचा असेल तर त्यात शुद्ध पाणी घालून पाहायला सांगावे. पाण्याचा शोषणांक या पट्ट्यात शून्य धरता येतो, म्हणून एसपीएफही शून्य. उघड्या त्वचेचा एसपीएफ मात्र १ आहे. शून्याचा अर्थ लावायचा तर पाणी लावलेली त्वचा अंधारातही भाजली पाहिजे.

तिसरा मुद्दा भौतिकशास्त्राच्या शिक्षकांच्या आवडीचा आहे. शोषणांक १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश पलीकडे जातो, २ म्हणजे शंभरावा. दोन काळ्या काचा एकावर एक ठेवल्यासारखे हे गुणाकाराने वाढते. संरक्षण १० पटींवरून १०० पटींवर जायला हवे, सूत्र ते १० वरून २० वर नेते. शिवाय ३२० नॅनोमीटरपलीकडे हे सूत्र पाहतच नाही. अतिनील-अ त्याच्या हिशेबात नाही. काचेच्या पेटीतील द्रावण सगळीकडे सारखे असते. त्वचेवरचा थर खोबणीत जाड आणि उंचवट्यावर पातळ राहतो, घामाने ओघळतो, हेही त्याला माहीत नाही.

खोबरेलाचा सात याच वाटेने आला. २०१० साली ‘फार्माकॉग्नॉसी रिसर्च’ या नियतकालिकात रायपूरच्या दोन संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अनेक तेलांचे एसपीएफ मान्सूर पद्धतीने काढले होते. न उडणाऱ्या तेलांचे आकडे २ ते ८ या दरम्यान आले, ऑलिव्ह तेल सर्वांत वर आणि खोबरेल सातच्या जवळ. तेले पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये विरळ केली होती. येथे थांबून विचार करायला हवा. खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त असतात, लॉरिक आम्ल त्यांत मुख्य. संपृक्त साखळीत २९० ते ३२० नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारी रचनाच नसते. मग शोषणांक आला कसा? तेल पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, त्याचे बारीक थेंब तरंगतात आणि द्रावण गढूळ होते. गढूळ द्रावण प्रकाश आजूबाजूला विखुरते. उपकरणाला एवढेच कळते की समोरच्या संवेदकापर्यंत प्रकाश कमी पोहोचला, आणि ते त्याची नोंद शोषण म्हणून करते. पाण्यात दुधाचा थेंब टाकला तरी असेच होईल. माझ्या मते त्या सातामध्ये मोठा वाटा या गढूळपणाचा असावा. निबंधाच्या लेखकांनी ही केवळ प्रयोगशाळेतील चाचणी असल्याचे म्हटले होते. निबंधातून मासिकात, मासिकातून बाटलीवर आणि बाटलीवरून शाळेच्या तक्त्यावर येताना ते शब्द गळाले, सात तेवढा राहिला.

आकड्याच्या जोडीला हल्ली दुसरे एक प्रमाणपत्र दिले जाते, ते अँटिऑक्सिडंटचे. डीपीपीएच नावाचे जांभळे रसायन हा एक टिकाऊ मुक्त मूलक आहे. ब्लॉइस यांनी १९५८ साली त्याचा उपयोग सुचवला. त्यात एखाद्या पदार्थाने हायड्रोजन दिला की जांभळा रंग जाऊन पिवळा येतो. चाचणी देखणी आहे, स्वस्त आहे आणि तिच्यात नापास होणारा पाला शोधणे अवघड आहे. बाभळीची साल, पेरूची पाने, चहा, हिरडा, ज्यात म्हणून टॅनिन आहे ते सारे उत्तीर्ण होते. आयोडीन आणि स्टार्चचा निळा रंग आवळ्याच्या रसाने घालवण्याचा प्रयोग शाळेत करतात, त्यातही असाच क्षपणाचा गुण दिसतो. त्यावरून आवळा क्षपणकारक आहे एवढे सिद्ध होते. तो त्वचेच्या आत पोहोचून अतिनील किरणांनी तयार झालेले मुक्त मूलक निष्प्रभ करतो की नाही, ही बाब निराळी. त्वचेचा वरचा मृत थर सहसा ५०० डाल्टनपेक्षा मोठ्या रेणूंना आत जाऊ देत नाही, असा एक व्यावहारिक नियम २००० साली मांडला गेला. क जीवनसत्त्वाचा रेणुभार १७६ आहे, टॅनिक आम्लाचा सुमारे १७००.

या दोन्ही चाचण्यांची परीक्षा घेण्यासाठी आपल्या मातीतलीच एक वनस्पती पुरेशी आहे, ती म्हणजे बावची. तिच्या बियांच्या अर्कात सोरालेन असते, ते अतिनील पट्ट्यात चांगले शोषण करते. बाकुचिऑल असते, ते चांगले अँटिऑक्सिडंट आहे. म्हणजे मान्सूर सूत्रातही गुण मिळतील आणि डीपीपीएचमध्येही. ‘उत्तम नैसर्गिक सनस्क्रीन’ असा निष्कर्ष लिहायला काहीच हरकत उरत नाही. प्रत्यक्षात बावची आयुर्वेदात कोडासाठी वापरली जाते ती नेमक्या उलट कारणाने. सोरालेन अतिनील-अ किरण शोषतो आणि त्या ऊर्जेच्या साह्याने पेशीतील डीएनएला चिकटतो. त्वचा उन्हाला कमालीची संवेदनशील होते. आधुनिक वैद्यकात १९७४ पासून सोरालेन आणि अतिनील-अ यांची एकत्रित उपचारपद्धती रूढ झाली ती याच गुणावर, आणि तिथे मात्रा मोजून द्यावी लागते. बावचीचे तेल लावून दुपारच्या उन्हात जाणाऱ्याला फोड येतात. लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकात याच कुळातील संयुगे असतात. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात जाऊ नये असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ते यासाठीच.

शोषणांक आणि प्रतिक्रिया ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. रेणूने किरण शोषल्यावर त्या ऊर्जेचे काय होते, याला महत्त्व आहे. चांगल्या गाळणीत ती निरुपद्रवी उष्णता होऊन जाते. सोरालेनमध्ये ती डीएनएवर खर्च होते. कुर्क्युमिनमध्ये, म्हणजे हळदीच्या पिवळ्या रंगद्रव्यात, ती काही अंशी रेणूचेच तुकडे करते. हळदीचा डाग उन्हात वाळवला की फिकट होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आपल्या पित्ताच्या गोळीपासून गालाच्या लेपापर्यंत सर्वत्र हळद घालणाऱ्यांनी हा डाग एकदा पाहावा. आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे त्वचेला निर्धोक, हे समीकरण तर महाराष्ट्रात तरी कोणी मांडू नये. गाजरगवताची नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे अनेक रुग्ण पुण्यातूनच १९७४ मध्ये वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले. चेहरा, मान, हात, म्हणजे उघडे राहणारे भागच त्यात अधिक सोलवटतात.

मग वनस्पतीजन्य पदार्थांचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो ज्यांनी दाखवला त्यांनी तो त्वचेवर दाखवला. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिरव्या चहातील पॉलिफेनॉल स्वयंसेवकांच्या त्वचेवर लावून मग अतिनील किरण दिले. लाली आणि भाजलेल्या पेशींची संख्या, दोन्ही कमी झाल्या. २००५ मध्ये ड्यूक विद्यापीठातील पिनेल आणि सहकाऱ्यांनी क आणि ई जीवनसत्त्वांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल मिसळून डुकराच्या त्वचेवर तपासले. संरक्षण चौपटीवरून सुमारे आठपटीवर गेले. फेरुलिक आम्ल तांदळाच्या कोंड्यात भरपूर असते. या प्रयोगांत किती पदार्थ, किती टक्के, कोणत्या आम्लतेला आणि किती वेळ टिकतो, हे सारे नोंदलेले आहे. आणि त्यांच्या कर्त्यांनी तो सनस्क्रीनला पूरक म्हणून सुचवला, पर्याय म्हणून नव्हे.

पुन्हा धर्मापुरीच्या शेताकडे. समजा ऊस तोडणाऱ्या बाईने चांगल्या प्रतीचे सनस्क्रीन वापरायचे ठरवले. चेहरा, मान आणि दोन्ही हात मिळून शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे २७ टक्के भाग होतो, म्हणजे अंदाजे ४३०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबाने एका वेळेला साडेआठ ग्रॅम लागतात. घाम येत असल्याने दर दोन तासांनी, म्हणजे दिवसातून चार वेळा लावले तर सुमारे ३५ ग्रॅम. पन्नास ग्रॅमची नळी दीड दिवसात संपेल! तिच्या मजुरीत हे बसणारे नाही. तिने त्यावर उपाय काढलेला आहेच. साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि डोके-चेहऱ्याभोवती घट्ट रुमाल. पातळ पांढऱ्या सुती कापडाचे संरक्षण साधारण ७ च्या आसपास असते आणि ओले झाल्यावर ते ३ पर्यंत उतरते. तेच कापड गडद रंगाचे आणि घट्ट विणीचे असेल तर कितीतरी पटींनी वाढते. कापड उजेडासमोर धरून पाहावे, भोके दिसत असतील तर तिथून अतिनीलही येणार. हा ‘सात’ मात्र खोबरेलाच्या साताहून खरा आहे, तो घामाबरोबर ओघळत नाही.

आपल्या त्वचेतील मेलॅनिनही मदतीला असते. १९७९ साली कैदबे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मोजले तेव्हा गोऱ्या बाह्यत्वचेतून सुमारे २४ टक्के, तर कृष्णवर्णीय बाह्यत्वचेतून सुमारे ७ टक्के अतिनील-ब आत गेले. आपण बहुतेक या दोहोंच्या मध्ये. म्हणून आपल्याकडे उन्हाने होणारा त्वचेचा कर्करोग कमी आढळतो आणि वांग व काळवंडणे जास्त. पण वर्गात एखादे मूल अल्बिनिझम असलेले असू शकते. त्याच्याकडे ही नैसर्गिक छत्री नाही. कोडाच्या चट्ट्यांवरही ती नसते. अशा मुलाच्या पालकांना कोणी तक्ता वाचून खोबरेलावर भागवायला सांगितले तर नुकसान खरे आणि कायमचे आहे. त्याला पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, दुपारच्या कवायतीतून सूट आणि डॉक्टरांनी सुचवलेले सनस्क्रीन लागते. वर्गात खिडकीपासून दूरची आणि फळ्याजवळची जागाही द्यावी, कारण अशा मुलांची दृष्टी बहुधा कमजोर असते.

प्रदर्शनासाठी काही करायचे असेल तर बनावट नोटा तपासण्याची लहान अतिनील विजेरी पुरते. नोटेवरील क्रमांकाचा पट्टा तिच्या प्रकाशात चमकतो. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाच सेंटिमीटर बाजूच्या चौकोनावर ५० मिलिग्रॅम, म्हणजे तेलाचे दोनएक थेंब, सारखे पसरावेत आणि तो चौकोन विजेरी व नोट यांच्यामध्ये धरावा. एका चौकोनावर काहीच लावू नये, एकावर पाणी, एकावर खोबरेल, एकावर पाल्याचा अर्क, एकावर बाजारातील सनस्क्रीन लावावे, आणि शेवटी सदऱ्याच्या कापडाचा तुकडा धरावा. खोबरेलामागची नोट जवळजवळ तशीच चमकताना दिसेल. हळद स्वतःच हिरवट चमकते, तेव्हा तिचा निकाल वाचताना सावध राहावे. त्यावर मुलांशी चांगली चर्चा होऊ शकते. ही विजेरी फक्त अतिनील-अ देते, हे तक्त्यावर लिहायला सांगावे, आणि तिच्या प्रकाशात थेट पाहू देऊ नये. अर्क स्वतःच्या किंवा मित्राच्या त्वचेवर लावून उन्हात उभे राहण्याचा प्रयोग मात्र मुलांना करू देऊ नये. बावचीची गोष्ट वर आलीच आहे.